वाट किती पाहायची, हे कुणी ठरवायचं?

पार्ल्यात नैराश्यावर व्याख्यान ठेवलं तर खुर्च्या कमी पडतात. लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आणि पार्ले टिळक विद्यालय त्याच्याही दोन वर्षं आधीपासून इथे उभं आहे. ऐकायची, वाचायची आणि ऐकून झाल्यावर वक्त्याला आडवे प्रश्न विचारायची या उपनगराला चांगली सवय आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा माणूस वेडा नसतो, हे इथे आता नव्याने सांगावं लागत नाही. ‘कासव’ सिनेमा पाहून झालाय, डॉ. आनंद नाडकर्णींची पुस्तकं कपाटात आहेत. पण हे सगळं प्रबोधन माणसाला डॉक्टरांच्या दारापर्यंत आणून सोडतं आणि तिथूनच परत फिरतं. आत गेल्यावर चिठ्ठी मिळते, गोळी सुरू होते, तीन आठवडे उलटतात आणि काही फरक पडत नाही. या तिसऱ्या आठवड्यावर मी अजून कुणाचं व्याख्यान ऐकलेलं नाही.

समजा, हनुमान रोडवरच्या जुन्या सोसायटीतली एक बावन्न वर्षांची बाई आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे सध्या भाड्याच्या घरात. पहाटे तीनला जाग येते, ती येतेच. आंघोळीला उठणंही जिवावर येतं. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम दिलं, दहा मिलिग्रॅम, आणि ‘महिन्याने या’ म्हणाले. पहिले आठ दिवस मळमळ आणि तोंडाला कोरड. तिसऱ्या आठवड्यात नवरा म्हणतो, ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग घे मुकाट्याने.’ पुण्याहून नणंदेचा फोन येतो, ‘वहिनी, या गोळ्यांची सवय लागते हो, त्यापेक्षा प्राणायाम करा.’ मुलगी बंगळूरहून सांगते, ‘आई, डॉक्टर बदल.’ तिघांची काळजी खरी आणि तिघांकडेही उत्तर तयार. ती स्वतः मात्र काहीच ठरवत नाही. एक दिवस गोळी राहते, मग दोन दिवस राहते, मग उरलेली स्ट्रिप टेबलाच्या खणात जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना कळतं ते एवढंच की गोळी लागू पडली नाही. ती पुरेशी घेतलीच गेली नव्हती, हे त्यांना कुणी सांगत नाही.

नैराश्याच्या उपचारात चुकीच्या गोळीपेक्षा न घेतलेल्या निर्णयाने जास्त नुकसान होतं, असं माझं मत आहे. गोळी बंद होते ती विसरून, आणि चालू राहते ती सवयीने. दोन्हींत कुणी बसून काही ठरवलेलं नसतं. ‘धीर धरा’ हा सल्लाही बहुतेक वेळा निर्णय पुढे ढकलण्याची एक सभ्य पद्धत असते, कारण धीर कधीपर्यंत धरायचा आणि त्या दिवशी नेमकं काय पाहायचं, हे त्यात नसतं.

गोळीला उशीर का लागतो, हे आधी पाहू. ही औषधं सापडली तीच अपघाताने. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं, तर छातीच्या आजारात जे काही झालं असेल ते असो, माणसं अचानक हसू-बोलू लागली. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामाइनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते औषध मुळात स्किझोफ्रेनियावर चालतं का, हे पाहण्यासाठी आलेलं होतं. आजच्या गोळ्या या दोघांच्या वंशातल्या. सेरोटोनिन पुन्हा शोषलं जाण्याची क्रिया त्या काही तासांतच अडवतात. मग मनाला आठवडे का लागावेत? ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, गोळी ते भरून काढते’ हे दवाखान्यात सांगितलं जाणारं सोपं उत्तर इथेच लंगडं पडतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानेही कमतरतेच्या या सिद्धांताला सातत्यपूर्ण पुरावा सापडत नसल्याचं म्हटलं. त्यावरून ‘म्हणजे गोळ्या थोतांड’ असे संदेश फिरले, तो उतावळेपणा होता. औषध कसं काम करतं आणि ते काम करतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला जास्त पटतं. त्यांच्या मते गोळी मनःस्थिती थेट बदलत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव, कानावर पडलेले शब्द, घडलेले प्रसंग यांतलं वाईटच तेवढं टिपायची मेंदूची खोड ती सैल करते, आणि हे अगदी सुरुवातीच्या दिवसांत, माणसाला स्वतःला काही जाणवायच्या आधी होतं. पण या सैल झालेल्या नजरेने माणसाला पुन्हा लोकांत वावरावं लागतं, चार साधे अनुभव घ्यावे लागतात, तेव्हा कुठे मन हळूहळू उचल खातं. हा सिद्धांत आहे, शेवटचा शब्द नव्हे. तो खरा धरला तर मात्र वाट पाहण्याचा अर्थच बदलतो. पडदे ओढून पलंगावर पडून काढलेले सहा आठवडे आणि रोज सकाळी खाली उतरून भाजी आणत काढलेले सहा आठवडे, गोळी तीच असली तरी सारखे नाहीत.

याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको, कोकण रेल्वेने गोव्यापर्यंत गेलं तरी पुरे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दोन-अडीच दशकं हेच काम केलं आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात साडेचारशे रुग्णांना तीन गटांत विभागलं होतं. एका गटाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिनचा गट सरस ठरला, आणि समुपदेशन मात्र औषध नसलेल्या गोळीहून सरस ठरलं नाही. ‘नुसतं मन मोकळं केलं की झालं’ असं मानणाऱ्यांनी हा निकाल पचवायला हवा. पण गोष्ट इथे संपली नाही. त्याच मंडळींनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर दुसरा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या वेळी समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, आणि भर एकाच गोष्टीवर: सुटलेली कामं, भेटीगाठी, दिनक्रम ठरवून, थोडं थोडं, पुन्हा सुरू करायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दोन अभ्यास शेजारी ठेवून मी इतकंच म्हणेन की बोलण्याच्या उपचारातही कृतीला धरून बोललेलं कामी येतं, आणि गोळी लागू पडायची वाट पाहतानाचा काळ हा त्या कृतीचाच काळ आहे.

आता आकडे. अमेरिकेत चार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सगळ्यांना पहिली गोळी सिटालोप्राम. साधारण एक तृतीयांश लोकांना तिने पूर्ण बरं वाटलं, म्हणजे तिघांतल्या दोघांना वाटलं नाही. पहिली गोळी अपुरी पडणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे, अपवाद नाही. हे वाक्य पहिल्या भेटीतच सांगितलं गेलं तर तिसऱ्या आठवड्यात ‘माझ्यातच काहीतरी मुळापासून बिघडलंय’ हा विचार इतक्या जोरात येणार नाही. ज्यांना बरं वाटलं त्यांतल्याही अनेकांना ते सहा आठवडे उलटल्यावर वाटलं. आणि ज्यांची गोळी बदलली त्यांना ब्युप्रोपिऑन मिळो, सर्ट्रालिन मिळो की व्हेन्लाफॅक्सिन, प्रत्येक गटात साधारण चौघांतला एक बरा झाला आणि तिन्हींत म्हणावा असा फरक दिसला नाही. बदली गोळी कोणती, यावर घरोघरी जो काथ्याकूट चालतो, त्याला हे उत्तर आहे.

याच अभ्यासाची दुसरी बाजू लपवून ठेवण्यात अर्थ नाही. चार टप्प्यांनंतर मिळून सुमारे दोन तृतीयांश लोक बरे होतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. २०२३ मध्ये काही संशोधकांनी मूळ आराखड्याप्रमाणे तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा हे प्रमाण एक तृतीयांशाच्या जरासं वर भरलं. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र करून झालेल्या अभ्यासात एकवीसच्या एकवीस गोळ्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरल्या, पण सरासरी फरक माफक. गोळ्यांवर विश्वास नसणारे हे आकडे घेऊन म्हणतात, मग घ्यायच्याच कशाला? मला यातून उलटं दिसतं. एखाद्या माणसाला कोणती गोळी लागू पडेल हे आधी सांगता येत नसेल आणि सरासरी फायदा मोठा नसेल, तर आपल्याला ती लागू पडतेय की नाही हे मोजल्याशिवाय राहताच येणार नाही. अंदाजपंचे घेणं आणि अंदाजपंचे सोडणं, दोन्ही सारखंच महागात पडतं.

किती थांबायचं, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण दोन खुणा देता येतात. पहिली खूण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. हजारो रुग्णांच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर असं दिसलंय की पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांच्यात जराही हालचाल नाही, ते त्याच गोळीवर पुढे पूर्ण बरे होण्याची शक्यता बरीच कमी असते. दुसरी खूण चौथ्या आठवड्याची. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की योग्य मात्रेत चार आठवडे गोळी घेऊनही फरक नसेल किंवा नाममात्र असेल तर उपचाराचा फेरविचार करा. म्हणजे हालचाल शून्य असेल तर चौथ्या आठवड्यात हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. आणि झोप तासभर वाढली, जेवण थोडं जातंय, अशी किंचितही चाहूल असेल तर सहा, कधी आठ आठवड्यांपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे. शून्य आणि किंचित यांच्यातला फरक हाच इथे कळीचा मुद्दा, आणि नेमका तोच ओळखणं सगळ्यात अवघड.

कारण निवाडा करायचा आहे तो आजारी मनाने. नैराश्याचा स्वभावच असा की ते कालचा चांगला तास आज पुसून टाकतं. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ती बाई म्हणते, ‘काही फरक नाही.’ खोटं बोलत नसते, तिला खरंच तसं वाटतं. नवरा मात्र म्हणतो, ‘परवा हिने दूधवाल्याशी हिशेबावरून चांगला वाद घातला.’ महिनाभरापूर्वी तिने तो घातला नसता, पिशवी घेऊन दार लावलं असतं. सुधारणा अनेकदा आधी घरच्यांना दिसते आणि शेवटी ज्याची त्याला.

म्हणून कागद हवा. नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९. ती मराठीतही मिळते, भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. शून्य ते सत्तावीस गुण, जितके कमी तितकं बरं. सुरुवातीचा आकडा निम्म्यावर आला तर गोळीने चांगला प्रतिसाद दिला असं धरतात, पाचाच्या खाली गेला तर नैराश्य ओसरलं असं. मला विचाराल तर याहून सोपी जागा आपल्या स्वयंपाकघरातच टांगलेली असते. १९७३ पासून ‘कालनिर्णय’च्या चौकटींत आपण दुधाचे लिटर, गॅस सिलिंडरची तारीख आणि कामवालीचे खाडे लिहीत आलोय. त्याच चौकटीत रोज दोन गोष्टी: गोळी घेतली का, आणि रात्री किती तास झोप झाली. आठवड्याला एकदा पीएचक्यूचा आकडा. महिन्याने पान फाडून डॉक्टरांसमोर ठेवलं तर पाच मिनिटांच्या भेटीतही निर्णय होऊ शकतो. ‘बरं वाटतंय का?’ ‘तसंच आहे.’ ‘बरं, चालू ठेवा,’ या संवादावर तो कधीच होणार नाही.

चौथ्या आठवड्यात गोळीवर ठपका ठेवण्याआधी काही गोष्टी तपासायलाच हव्यात, आणि इथे आपल्याकडे क्रम उलटा होतो असं माझं निरीक्षण आहे. दुसरी-तिसरी गोळी आधी येते, थायरॉइडचा रिपोर्ट नंतर. थायरॉइड मंदावलं असेल तर थकवा, जडपणा, उदासी हे सगळं नैराश्याच्या वेषात येतं. पार्ल्यात पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेली घरं पुष्कळ, आणि बी-१२ ची कमतरता आपल्या शाकाहाऱ्यांत अगदी नेहमीची. रोज रात्रीचे दोन पेग ‘तेवढं चालतं’ म्हणून डॉक्टरांपासून लपवलेले असतात. घोरण्यामुळे रात्रभर तुटणारी झोप असते, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी चालू असलेले स्टेरॉइड असतात. आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय तर गोळी वाढवूच नये: आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की दोन-तीन तास झोपूनही प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, अवाच्या सवा खरेदी, मोठमोठ्या योजना? तसं असेल तर हा आजार वेगळा, द्विध्रुवीय असू शकतो, आणि साध्या नैराश्याच्या गोळीने त्यात माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते आयुष्यातले चांगले दिवस असतात. भावंडांना ते बरोबर आठवतात.

हे सगळं पाहून झाल्यावर वाटा उरतात त्या मोजक्या. मात्रा वाढवायची, पण या गोळ्यांत एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवून फायदा फारसा वाढत नाही, त्रास वाढतो. गोळी बदलायची. जोडीला दुसरं औषध द्यायचं, लिथियमसारखं जुनं किंवा अलीकडचं एखादं. किंवा गोळी चालू ठेवून विचार-वर्तन उपचारपद्धती जोडायची. ही शेवटची वाट आपल्याकडे फार उशिरा आठवते. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कोबाल्ट या अभ्यासात गोळीने फरक न पडलेले ४६९ रुग्ण घेतले होते. नेहमीच्या उपचारांना ही पद्धत जोडल्यावर सहा महिन्यांनी ४६ टक्क्यांची लक्षणं निम्म्यावर आली, न जोडलेल्यांत २२ टक्क्यांची. तीव्र, खाणंपिणं सुटलेल्या नैराश्यात विजेचा उपचारही आहे. हिंदी सिनेमांनी त्याची केलेली बदनामी अजून उतरलेली नाही, पण भूल देऊन केला जाणारा तो एक परिणामकारक उपचार आहे.

आठवड्यांचा हा सगळा हिशेब एका परिस्थितीत बाजूला ठेवायचा. जगणं नको वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार, किंवा गोळी सुरू झाल्यावर वाढलेली विलक्षण अस्वस्थता, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पंचवीसच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोविसाव्या वर्षापर्यंतच्या तरुणांसाठी तसा इशारा गोळ्यांवर छापायला लावला, तो उगीच नाही. डॉक्टर भेटत नसतील तर कूपर रुग्णालयाचा तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो, आणि टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

आता त्या तीन सल्लागारांकडे, म्हणजे नवरा, नणंद आणि मुलीकडे. त्यांनी गप्प बसावं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी काम वाटून घ्यावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडायचा अधिकार दिला आहे. त्याच कायद्याचं बाविसावं कलम सांगतं की आजार कोणता, उपचाराचा आराखडा काय, त्याचे दुष्परिणाम कोणते, ही माहिती रुग्णाला आणि त्या प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. एक माणूस ठरवा, रुग्णानेच ठरवा. तो डॉक्टरांच्या खोलीत बरोबर जाईल, काय दिसलं ते सांगेल, ठरलेलं लिहून घेईल. बाकीच्यांनी सकाळी फिरायला सोबत जावं. रोज उठून ‘आज कसं वाटतंय?’ विचारणारा पहारेकरी मात्र कुणी होऊ नये. माणसाला त्या प्रश्नाचंच दडपण येतं आणि तो खोटं ‘बरं’ म्हणायला शिकतो.

निर्णय टाळण्याचा दुसरा प्रकार जास्त शांत आणि जास्त लांबणारा आहे. गोळी निम्मी लागू पडते. रडू थांबतं, ऑफिसला जाता येतं, पण गाण्याच्या बैठकीला जावंसं वाटत नाही, जेवणाला चव नाही. मग मोबाइलमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो असतो, दुकानदार ओळखीचा असतो, तो कात्रीने स्ट्रिप कापून पाच-पाच गोळ्या देतो, आणि असंच वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं निघून जातात. निम्म्या बरेपणाला आपण बरेपण मानून बसतो. माझ्या लेखी तिसऱ्या आठवड्यात गोळी सोडणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त दुर्लक्षित आहे, कारण तो कुणाच्याही काळजीच्या यादीत नसतो. त्याचं चौथ्या आठवड्याचं फेरविचाराचं काम अजून बाकीच आहे. आणि याच माणसाला एक दिवस वैताग येतो, तो सगळं एकदम बंद करतो. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी गोळी असेल तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड सुरू होते, आणि तो समजतो आजार परतला. हळूहळू मात्रा उतरवण्याचं वेळापत्रक डॉक्टर देऊ शकतात, ते मागावं लागतं.

डॉक्टरांची गर्दी मला दिसते. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला किती मिनिटं मिळणार, आणि खासगीतही रांग असतेच. तरी चिठ्ठीवर एक ओळ जास्तीची लिहायला वेळ लागत नाही: अमुक तारखेला, अमुक आकड्यावर पुन्हा विचार, तोवर फरक नसेल तर पुढचं पाऊल हे. गोव्यात २०१० मध्ये अभ्यासलेली ‘मानस’ योजना अशाच पायऱ्यांवर बेतलेली होती: आधी समजावून सांगणं, मग गरजेप्रमाणे औषध किंवा बोलण्याचा उपचार, मग तज्ज्ञ. पुढची पायरी कोणती, हे पहिल्या पायरीवर असतानाच ठरलेलं. सरकारी केंद्रांत योजनेचा फायदा स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही.

डॉक्टरांना ती ओळ लिहायला सांगितलेलं आवडलं नाही, तर दुसरं मत जरूर घ्यावं. पण जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मध्ये किती दिवस चुकली आणि त्या काळात आकडा कुठून कुठे गेला, एवढं एका पानावर लिहून न्यावं. हे पान नसेल तर नव्या डॉक्टरांपुढे ती बाई पहिल्या दिवशीची रुग्ण असते, आणि पुन्हा एस्सिटालोप्राम दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात होते.